संगमरवरावरचा आकडा: एका खाणगावाच्या युद्धस्मारकाचं प्रकरण

पाटी जेमतेम दोन फूट रुंद. पांढरा संगमरवर, चावडीच्या काळ्या दगडी भिंतीत चुन्यात बसवलेला. वर इंग्रजी, खाली मराठी. मजकूर असा, की या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात ३८ माणसे गेली, त्यांपैकी ५ जणांनी प्राण दिले. बस. नाव एकाचंही नाही. पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने देशभर गावोगाव अशा पाट्या लावल्या, ठरलेला साचा आणि मध्ये दोन आकड्यांची जागा. ज्या गावाने जितके दिले तितके लिहायचे.

हे गाव पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्त्याच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, कारण पुढे एक कार्यालय आणि काही जिवंत माणसं येणार आहेत, आणि मी तसा शब्द दिलाय. गाव दगडखाणींचं. पुण्यातला कुठलाही स्लॅब फोडा, आमची खडी निघेल, असं इथले लोक छातीठोकपणे सांगतात. यात थोडी बढाई आहे, पण फार नाही. आणि अशा गावाची स्मारकाची पाटी मात्र बाहेरून आणलेल्या पांढऱ्या दगडाची. मी आयुष्यभर सरकारी खात्यात आरेखक होतो, नकाशे काढले. या प्रकरणात मला बोलावलं ते एका नव्या शिळेचं रेखाटन काढून द्यायला. रेखाटन दोन दिवसांत झालं. त्यावर काय लिहायचं, याला दीड वर्ष लागलं.

पाटी कशी फुटली

जून २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात हेही होतं. ग्रामपंचायत गेली. चावडीत आधीपासूनच कुणी बसत नव्हतं, एका कोपऱ्यात गणेशोत्सवाचं सामान आणि दुसऱ्यात कुत्री. मग रस्तारुंदीची आखणी आली आणि चावडीचा पुढचा भाग लाल रेघेच्या आत सापडला. माजी सरपंचबाईंनी अर्ज दिला, की भिंत पाडण्याआधी पाटी काढून घेऊ द्या. अर्जाची पोच मिळाली. उत्तर आलं नाही. एका सकाळी जेसीबी आला आणि तासाभरात भिंत खाली. पाटी ढिगाऱ्यातून निघाली ती तीन तुकड्यांत. एक भेग नेमकी ५ या आकड्यातून गेलेली.

कार्यालयात विचारलं तर पाटीची कुठे नोंदच नव्हती. वारसास्थळांच्या यादीत नाही, ग्रामपंचायतीने हस्तांतर करताना दिलेल्या मालमत्तेत नाही. चावडी होती, ‘दगडी बांधकाम, पत्र्याचे छत’ अशी. भिंतीत काय आहे हे लिहिण्याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. हे मी रागाने लिहीत नाही. तसे तक्ते मीही भरलेत.

तुकडे सुभेदार आबांच्या पडवीत गोणपाटावर ठेवले. आबा सैन्यातून निवृत्त, वय ऐंशीच्या पुढे, रोज सकाळी दाढी करणारे. तिथे बसून पहिली बैठक झाली आणि पहिल्याच बैठकीत एका पोराने विचारलं, “आबा, हे पाच जण कोण?” आबांना माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. पाटी शंभर वर्षं भिंतीत होती, आणि गाव तिला दर १५ ऑगस्टला हार घालत होतं.

नावं

सगळ्यांनी आधी खडकी सुचवली. तिथे युद्ध दफनभूमी आहे, सगळी नावं कोरलीत, जाऊन बघा. आम्ही गेलो. हिरवळ पाहून आमच्यातले दोघे जण चप्पल काढून आत शिरले. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी, आणि पहिल्या महायुद्धातल्या १,८०० हून अधिक जणांची नावं वेगळ्या स्मारकावर. पण ही पहिल्या युद्धाची नावं भारत-पाकिस्तानात इकडेतिकडे छावण्यांच्या दफनभूमीत पुरलेल्यांची, म्हणजे बहुतेक गोऱ्यांची. आमच्या गावातला तिथे असण्याचं कारणच नव्हतं. आमचा मेला तो समुद्रापलीकडे, आणि पुरला की जाळला हे कुणी कळवलं नाही.

खरा धागा मिळाला तो इंटरनेटवर. ही दफनभूमी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाची नावनिहाय नोंद खुली आहे. हिंदी शिपायांच्या नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं लिहिलेलं असतं. सुभेदार आबांचा नातू संगणकाचं शिकतो. त्याने गावाचं नाव इंग्रजीत जितक्या चुकीच्या पद्धतीने लिहिता येईल तितक्या पद्धतीने लिहून पाहिलं. अकराव्या स्पेलिंगला पहिला माणूस सापडला.

तो सॅपर होता. बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स, मुख्यालय खडकी. सुरुंग लावणारी, पूल बांधणारी, खंदक खणणारी पलटण. खाणीवरच्या माणसाला ‘मायनर’ म्हणून भरती करून घ्यायला तेव्हाच्या साहेबाला फार डोकं चालवावं लागलं नसणार. ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल गावाच्या हल्ल्यात या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर पुढे गेल्या. २८ तारखेच्या एका दिवसात दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे गोरे अधिकारी पडले. आमचा माणूस तिथेच गेला. तिथल्या स्मारकावर कबर नसलेल्या ४,७०० हून जास्त हिंदी शिपायांची आणि मजुरांची नावं आहेत, त्यात त्याचं नाव आहे. पूर्ण नाव, दगडात कोरलेलं. नातवाने फोटो मिळवला तेव्हा आबांनी चष्मा पुसून तो तीन वेळा पाहिला.

दुसरा ११० व्या मराठा पलटणीतला शिपाई. ही पलटण सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये होती. नाव पुण्याचं, मरण इराकचं. टायग्रिसच्या काठावर कूत गावात ही डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस नाकारलं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि सुमारे १३,००० जण तुर्कांच्या कैदेत गेले. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं, पुष्कळांना रास अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामाला लावलं. आमच्या शिपायाची तारीख शरणागतीनंतर चार महिन्यांची आहे. म्हणजे तो लढाईत मेला नाही. रेल्वेच्या कामाला होता का, ते नोंदीत नाही.

तिसरा ‘ड्रायव्हर’. बैठकीत एकाने लगेच विचारलं, त्या काळी मोटारी होत्या का? ड्रायव्हर म्हणजे खेचरं हाकणारा. हाही इराकातच गेला.

आता या प्रकरणातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. शिपाई आणि खेचरवाला या दोघांची नोंद बसरा स्मारकाखाली आहे. १९२९ मध्ये उघडलेल्या त्या स्मारकावर ४०,५०० हून जास्त जणांची स्मृती आहे. पण तिथे गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांपुढे पलटणीचं नाव लिहून फक्त संख्या टाकली. ‘आणि इतर इतके हिंदी शिपाई.’ नावं वहीत ठेवली, दगडावर आणली नाहीत. २०२१ मध्ये त्याच आयोगाने स्वतःच्या चौकशीचा अहवाल काढून मान्य केलं, की हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा ४५,००० ते ५४,००० जणांना बरोबरीची वागणूक मिळाली नाही, आणि किमान १,१६,००० जणांची नावाने नोंद झाली नाही किंवा मुळीच झाली नाही. म्हणजे एकाच गावातून निघालेली माणसं. एक फ्रान्समध्ये मेला म्हणून नाव झाला, दोघे इराकमध्ये मेले म्हणून आकडा झाले. आणि गावात परत आले ते पुन्हा आकडा होऊनच.

तीन झाले. दोन राहिले.

चौथ्याचा पुरावा

बौद्ध वस्तीतल्या एका आजींनी निरोप पाठवला, की आमच्याकडे ‘राजाचा बिल्ला’ आहे, बघायला या. गेलो. आजींनी कपाटातून तांदळाच्या डब्यात ठेवलेली पुरचुंडी काढली. आत ब्रिटिश वॉर मेडल, पण चांदीचं नाही, कांस्याचं. सैनिकांना हे पदक चांदीचं मिळे. मजूर आणि हमाल तुकड्यांतल्या पुष्कळांना कांस्याचं दिलं गेलं. पदकाच्या कडेवर माणसाचा नंबर, नाव आणि तुकडी ठोकलेली असते. घासून गेलेल्या कडेवरून भिंगाने अक्षर अक्षर लावलं. हुद्दा: पोर्टर.

“आमच्या सासऱ्यांचा चुलता,” आजी म्हणाल्या. “बसऱ्याला गेला. बिल्ला आला, माणूस नाही आला.”

आयोगाच्या नोंदीत हा माणूस सापडत नाही. मेल्याचा कागद नाही. गेल्याचा पुरावा डब्यात आहे, न आल्याचा आजींच्या तोंडी.

या मुद्द्यावर बैठक तापली. एकाने उघड विचारलं, हमाल म्हणजे सैनिक का? दुसरा म्हणाला, कागद नसेल तर उद्या कुणीही आपला आजा आणून बसवेल. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. पुराव्याशिवाय दगडावर काही कोरू नये, या मताचा मी आहे. पण विचारण्याचा सूर फक्त पुराव्याचा नव्हता, हे बैठकीतल्या प्रत्येकाला कळत होतं. खेचरवाल्याबद्दल हा प्रश्न कुणी काढला नव्हता. तोही बंदुकीचा माणूस नव्हता.

निकाल आबांनी दिला, आणि त्याला आधीच्या एका भांडणाची पार्श्वभूमी होती. स्वातंत्र्यानंतर गावातले दोन जवान गेले. एक १९७१ च्या युद्धात, एक बऱ्याच वर्षांनी अरुणाचलात गाडी दरीत कोसळून. शिळेवर वर ‘शहीद’ लिहायचं का, आणि लिहिलं तर अपघातवाला त्यात बसतो का, यावरून आधी महिनाभर धुसफूस झाली होती. तेव्हा आबांनी सांगितलं होतं, सैन्याच्या कागदात शहीद हा शब्दच नाही. तिथे लढाईतली हानी आणि शारीरिक हानी असे दोन रकाने आहेत. सरकारने संसदेतही हेच सांगितलंय. “गाडीत होता तो वर्दीत होता,” एवढं म्हणून त्यांनी दोन्ही नावं घातली आणि मथळ्यातला शब्दच काढून टाकला. म्हणून पदकाच्या वेळी त्यांना वेगळं काही शोधावं लागलं नाही. पदक हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाले, “चांदीच्यावर राजाचं जे डोकं आहे तेच याच्यावर आहे. सरकारने त्याला नेलं, हे याच्या कडेवर लिहिलंय. न आणल्याचा कागद सरकारने द्यायचा होता, या बाईने नाही.”

चौथं नाव ठरलं. पाचवं आजतागायत मिळालेलं नाही.

दगड

माझं मूळ काम इथे सुरू होतं, तेव्हा थोडं रेंगाळतो.

कुणीतरी काळा ग्रॅनाइट सुचवलाच. चकचकीत, मशीनने कोरून आठ दिवसांत मिळतो, सोनेरी रंग भरून. मी विरोध केला, पण माझ्यापेक्षा मिस्त्रींचा विरोध कामी आला. मिस्त्री म्हणजे खाणीवरच्या वडार वस्तीतले, वय साठीचं, बाप सोलापूरकडून आलेला. म्हणाले, “ह्या गावात बाहेरचा दगड आणायचा म्हंजी गवळ्यानं दूध इकत आणायचं.”

गावची मोठी खाण आता बंद आहे, तळाला हिरवं पाणी. वरच्या बाकावर काही जुने ठोकळे पडून होते. मिस्त्री प्रत्येकावर हातोडीने हलका ठोका देत गेले. चांगला दगड खणकन वाजतो, आत चीर असली की बद्द आवाज येतो. आमच्या बेसाल्टची आणखी एक खोड म्हणजे पोकळ्या. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यात नंतर स्फटिक भरले. वाघोलीच्या खाणीतले निळे कॅव्हनसाइटचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. संग्राहकाला जे रत्न, ते अक्षर कोरणाऱ्याला संकट. छिन्नी पोकळीवर पडली की कपची उडते आणि अक्षराचा काना गायब. चौदावा ठोकळा मिस्त्रींना पटला.

अक्षरं मी दीड इंचाची धरली होती. मिस्त्रींनी दोन केली. शिरोरेषा सलग काढायला त्यांनी नकार दिला. सलग रेघ म्हणजे दगडाला चीर कुठून पाडायची ते सांगणं, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक शब्दाची रेघ वेगळी, मध्ये बोटभर जागा. रंग भरला नाही. घासलेला बेसाल्ट काळा दिसतो आणि छिन्नीचा घाव राखाडी, तेवढ्याने वाचता येतं. पावसात ओला झाला की कमी वाचता येतं. चालायचंच.

नावांचा क्रम? हुद्द्याने नाही, आडनावाने नाही. मेल्याच्या तारखेने लावला. पोर्टरची तारीख माहीत नाही, म्हणून तो महायुद्धातल्यांत चौथा. त्याच्याखाली एका ओळीची जागा घासून गुळगुळीत करून कोरी सोडली, मग पुढचे दोघे. एका नावावर मात्र अडलो. इंग्रजी नोंदीतलं स्पेलिंग धोंडी आणि धोंडू या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होतं. मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव दगड-धोंड्यावरून ठेवायचे, यमाची दृष्ट पडू नये म्हणून. शेवटी भावकीतल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, आमच्यात धोंडू कुणी नाही, धोंडीच. धोंडी कोरलं.

संगमरवराचे तीन तुकडे टाकले नाहीत. स्टेनलेसच्या सळ्या घालून जोडले. साधं लोखंड गंजून फुगतं आणि संगमरवर पुन्हा फोडतं, म्हणून स्टेनलेस. ५ मधली भेग दिसते, ती बुजवली नाही. नवी शिळा आणि जुनी पाटी शाळेच्या आवारात शेजारी शेजारी, वर छोटं छप्पर. मारुतीच्या देवळामागे शेंदूर फासलेली एक वीरगळ आहे. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताना, वर शिवलिंगाची पूजा, चंद्रसूर्य. तीही इथे आणावी, असं एकाने सुचवलं. लोकांनी मोडता घातला, ती देव झालीय. तिच्यावरही नाव नाही, पण तिथे कुणाला ते खटकत नाही, हे मी नोंदवून ठेवतो.

मिस्त्रींचा प्रश्न

तिसरं नाव कोरून झालं त्या दिवशी मिस्त्री चहा पिताना म्हणाले, “सायेब, लढाईत मेला त्याचं नाव. सुरुंगात मेला त्याचं? दारू दोन्हीकडं तीच.”

त्यांचा मोठा भाऊ न उडालेल्या बारावर पुन्हा भोक पाडताना गेला. असे किती? मिस्त्रींनी बोटं मोजली आणि थांबले.

मी हा विषय बैठकीत काढला. मान्य झाला नाही. हे सैनिकांचं स्मारक आहे, उद्या विहिरीत पडलेलेही येतील, असं उत्तर आलं. मला वाटतं बैठकीचं चुकलं नाही. एकाच शिळेवर दोन्ही घातलं असतं तर दोन्हींचा अर्थ पातळ झाला असता. दगडी कोळशाच्या गावांत वेल्समध्येही ही दोन स्मारकं सहसा वेगळी असतात. सेंगेनीडच्या खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ ला ४३९ कामगार एका स्फोटात मेले, पुढच्या वर्षी महायुद्ध लागलं. तिथे प्रत्येक कामगाराचं नाव माहीत आहे, कारण खाणीची हजेरी होती.

आमच्याकडे हजेरी नाही, मुकादमाची वही आहे. एका जुन्या मुकादमाच्या मुलाने दोन वह्या दिल्या. त्यात नवरा-बायको मिळून ‘जोडी’. जोडीला उचल किती दिली, किती ब्रास (खडीचं माप) भरला, किती फिटलं. नाव नवऱ्याचं, तेही अर्धं, बायकोचं कुठेच नाही. एका पानावर आठ नंबरच्या जोडीपुढे काट मारून लिहिलंय, ‘बंद’. उचल मात्र भावाच्या नावावर वळती केलेली.

वस्तीतल्या बायकांनी वह्या बाजूला ठेवल्या आणि आठवणीतून नावं सांगायला सुरुवात केली. तीन संध्याकाळी लागल्या. एकोणीस नावं झाली, त्यात सात बाया. उरलेला ठोकळा मिस्त्रींनी स्वतः खाणीच्या काठावर नेऊन उभा केला आणि संध्याकाळचं काम करून कोरला. रेखाटन मागितलं नाही. शिरोरेषा तिथेही तुटक.

शाळेतल्या स्मारकाचं उद्घाटन झालं, नगरसेवकपदाचे इच्छुक चार जण आले, फोटो झाले. त्याची देखभाल कुणाकडे, याचा अर्ज पुन्हा त्याच कार्यालयात दिलाय आणि पोच आमच्याकडे आहे. खाणीकाठची शिळा सरकारी जमिनीवर आहे, तिच्यासाठी अर्जच केलेला नाही. विचारलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, “अर्ज केला की त्यांना कळंल.”

पावसाळ्यात गेलो होतो. विसावं नाव नवीन दिसलं, घाव अजून पांढुरका होता.